हनुवटीवरचा हिरवा ठिपका

मी डॉक्टर आहे, लातूरला प्रॅक्टिस करतो. अंगात येणं, करणी, बाहेरचं... असलं काही सांगत पेशंट आला की मी आधी त्याचं बीपी बघतो. आजही तसाच आहे मी. पण ही एक गोष्ट कुठंच बसत नाही, म्हणून लिहून राहिलो.

एमबीबीएस मी रशियात केलं. तिथं अलेक्सेई नावाच्या म्हाताऱ्या चित्रकाराच्या घरी भाड्याने राहायचो. मी त्यांना आजोबाच म्हणायचो. आयुष्यभर त्यांनी चर्चसाठी लाकडी फळ्यांवर येशूची, मरियमची चित्रं काढली. त्यांच्या तरुणपणी तिथल्या धर्म न मानणाऱ्या सरकारला हे काम खपायचं नाही, तेव्हा दिवसा कारखान्याच्या पाट्या रंगवायच्या आणि घरी लपून हे. अंड्याच्या बलकात रंग कालवायचे. काम सुरू करण्याआधी उपास धरायचे. चेहरा सगळ्यात शेवटी. सही कधीच नाही — "माझं काय आहे त्यात?" म्हणायचे.

शेवटच्या वर्षी, ऐन हिवाळ्यात, गावाकडून, अर्धापूरहून, आबांचा म्हणजे माझ्या वडिलांचा फोन आला. आई गेली... हार्ट अटॅक. बर्फामुळे विमानं बंद होती. माझ्याशिवायच सगळं उरकलं.

आजोबा एक कोरी फळी घेऊन बसले. मरियम, कडेवर बाळ. बरेच दिवस लागले. चित्र पूर्ण झालं तेव्हा बघितलं, तर मरियमच्या हनुवटीवर बारीक हिरवा ठिपका.

"हे काय, आजोबा?"

"कळत नाही रे." ते फार अस्वस्थ दिसले. "असं आम्ही कधी काढत नाही. दोनदा खरवडला. हात परत तिथंच जातो. असू दे, घरी घेऊन जा."

मला तो चेहरा आईचा अजिबात वाटला नाही. चित्रातली तरुण, सडसडीत. माझी आई जाडसर, केस पिकलेली, हनुवटीवर भाजल्याचा मोठा डाग.

डिग्री घेऊन परतलो. आबा केळीच्या बागेतून येऊन ओसरीवर टेकले होते, तेव्हा चित्र कुणी काढलं ते सांगून फळी त्यांच्या हातात दिली. ते बघतच राहिले. मग चष्मा काढला.

"हिचा फोटो त्याला कुणी दिला?"

"कुणाचा?"

"तुझ्या मायचा. लगीन होऊन आली तवा अशीच होती. हे गोंदण बी हाय."

"आईला गोंदण कुठं होतं, आबा?"

"होतं. तू रांगत होतास, चुलीपाशी गेलास. तुला ओढाया गेली अन् कढईतलं तेल तिच्या तोंडावर उडालं. त्यात गेलं गोंदण. पोराला लागून राहील म्हणून कुणाला सांगू दिलं न्हाई तिनं."

मी घरात जाऊन जुने फोटो काढले.

तरुणपणीचा तिचा एकच फोटो आहे, लग्नातला. मुंडावळ्या आणि पदरात चेहरा दिसतच नाही. मग आजोबांना कुणी सांगितलं? मलाच माहीत नव्हतं! दुसऱ्या दिवशी त्यांना फोन केला. सगळं ऐकून ते रडायला लागले. "मला विचारू नकोस, बाळा," एवढंच बोलले. काही महिन्यांनी तेही गेले.

योगायोग म्हणून बघितलं... मन मानत नाही. दुसरं उत्तरही सापडलेलं नाही.

आबांनी मात्र उत्तर मागितलंच नाही. फळी त्यांनी देवघरात न ठेवता आपल्या बाजेशेजारी ठेवली. एकदा चहा पिता पिता हळूच म्हणाले,

"तिकडं लई थंडी असती म्हणं. तुझी माय तिथं आली, तवा अंगावर शाल होती का रे?"

"होती, आबा," मी म्हणालो.