मोजलं कोणी?

सर गेले तेव्हा त्यांचा पेपर परीक्षकांकडे होता. सर म्हणजे माझा नवरा. अमरावतीच्या एका कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि मी तिथेच ग्रंथपाल होते. सगळं कॉलेज त्यांना सर म्हणायचं, म्हणून लग्नानंतर मीही थट्टेनं सर म्हणू लागले. पुढे थट्टा ओसरली, शब्द तेवढा राहिला.

‘माझा दहावा करू नका, कावळ्यांना त्यांची कामं असतात,’ असं ते नेहमी म्हणायचे. अकोल्याच्या दिरानं दहावा केलाच. माणूस गेल्यावर त्याच्या मताला घरात कोणी विचारत नाही. खरं सांगायचं तर आधीही फारसं विचारत नव्हतं.

पूर्णेच्या काठी पिंड मांडून आम्ही सगळे बाजूला उभे होतो आणि कावळा काही शिवेना. अशा वेळी गेलेल्याची काय इच्छा राहिली असेल ते ओळखून, ती पुरी करू म्हणून मोठ्यानं कबूल करायचं असतं. दिरानं आधी विहिरीवरची मोटार दुरुस्त करायचं कबूल केलं. मग सामाईक घराचे पत्रे बदलायचं. मग, बराच विचार करून, मागच्या खोलीवरचा हक्क सोडायचं. कावळे समोरच्या बाभळीवर बसून ऐकत होते. दीर घामाघूम झाला होता. अजून थोडा वेळ गेला असता तर शेतही गेलं असतं. शेवटी तो माझ्याकडे वळला.

“वहिनी, दादाचा जीव कायच्यात अडकला असन? तुमीच सांगा आता.”

मी चारचौघांत बोलणारी बाई नाही. पण खोलीही गेलेली पाहून मी पुढे झाले, हात जोडले आणि म्हटलं की सर, तुमचा पेपर मी छापून आणीन. कावळा उतरला. पिंडाला शिवला, शिवाय वडाही घेऊन गेला.

दिराच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मात्र दिसलं होतं की आमच्या पलीकडे दुसऱ्या एका घरचं पान मांडलेलं होतं आणि कावळ्यांनी ते नुकतंच संपवलं होतं. हे मी तिथं बोलले नाही. शब्द तर दिलेलाच होता.

आता पेपर कशाचा होता ते सांगते. आमच्या घरात लग्नापासून दोन प्रकारचे कांदे असायचे, खायचे आणि सरांचे. सरांचे कांदे खिडकीत ग्लासांच्या तोंडावर बसून पाण्यात मुळं सोडायचे. त्या मुळांच्या टोकाशी पेशी सारख्या दुभागत असतात. आपल्या भागात कपाशीवर जे औषध फवारतात ते थोडं पाण्यात घालून सर त्यात ती मुळं ठेवायचे, म्हणजे पेशींमधल्या डीएनएची मोडतोड व्हायची. मग काही कांदे साध्या पाण्यात हलवायचे आणि काही संत्र्याच्या सालीच्या पाण्यात. त्यातून कोण किती सावरतं ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. सरांचं म्हणणं होतं की सालीच्या पाण्यात पेशी लवकर सावरतात.

साल कुठून आली? सरांचं आजोळ शेंदूरजनाघाटचं. संत्र्यावर त्यांची भक्ती होती. देव मानायचे नाहीत, पण आजोळच्या संत्र्याला आंबट म्हणणाऱ्याशी त्यांनी दोन-दोन वर्षं बोलणं टाकलेलं आहे. सालीची चटणी करायला लावून ती त्यांनी एकट्यानं संपवली होती आणि उत्तम झाली म्हणाले होते. ती उत्तम झाली नव्हती.

दहाव्यानंतर काही आठवड्यांनी परीक्षकांची उत्तरं आली. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: संशोधनाचा पेपर पाठवला की नियतकालिक तो त्याच विषयातल्या दोघा-तिघांना वाचायला देतं आणि ते आपलं नाव न सांगता दोष काढतात. पहिल्या परीक्षकाला पेपर आवडला होता. त्यानं तो वाचला होता असं मात्र वाटत नव्हतं. दुसऱ्यानं एकच मोठा प्रश्न विचारला होता. या पेशी मोजल्या कोणी? मोजणाऱ्याला कुठली स्लाइड कुठल्या पाण्याची ते माहीत होतं का? असेल तर माहीत नसलेल्या माणसाकडून पुन्हा मोजून घ्या.

सर गेल्याचं मी संपादकांना कळवलं. त्यांनी दुःख व्यक्त केलं आणि मुदत वाढवून दिली. त्यांच्या यंत्रणेला मात्र कोणी कळवलं नसावं. तिची सरांना दर आठवड्याला मेल यायची की आपल्याकडून बऱ्याच दिवसांत काही ऐकलं नाही, सर्व ठीक आहे ना.

पेपरात सरांच्या जोडीला एक नाव होतं, त्यांच्या विद्यार्थिनीचं. ती तेल्हाऱ्याची, घरी कपाशी. सरांकडे पीएच.डी. केली आणि आता अकोल्याच्या एका कॉलेजात शिकवते. परीक्षकाचा प्रश्न वाचून ती राजापेठेतल्या आमच्या घरी आली. मोजलं सरांनीच होतं. सगळ्या स्लाइडींवर चिठ्ठ्याही त्यांनीच चिकटवल्या होत्या, आपल्या सुरेख अक्षरात.

“तो दोन नंबरचा कोन हाय, मले एकदा भेटू दे,” ती म्हणाली.

दिराला फोनवर कळलं तेव्हा त्यानं त्या परीक्षकाच्या दोन पिढ्यांची विचारपूस केली. मग विचारलं, कावळ्यासारखं यालेही काही कबूल करता येत नाई काय? मी म्हटलं, त्याला फक्त मोजणी हवी आहे.

मोजायचं कोणी हा प्रश्न होता. विद्यार्थिनीला स्लाइडी पाठ होत्या. कॉलेजातल्या सहकाऱ्यांना विचारलं तर कोणाचं नॅकच्या तपासणीचं काम होतं, कोणाच्या परीक्षा. मग ती माझ्याकडे बघू लागली. मला काहीच माहीत नव्हतं, आणि या कामाला तेवढीच पात्रता लागत होती.

तिनं सगळ्या चिठ्ठ्यांवर कागद चिकटवून आपली अक्षरं घातली. कोणतं अक्षर कशाचं ते तिच्या फोनमध्ये राहिलं. सरांचा सूक्ष्मदर्शक जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि तिनं मला बघायला शिकवलं. पेशीत मधोमध लालसर गोल असतो, तो केंद्रक. डीएनए त्यात असतं. मोडलेला तुकडा दुरुस्त व्हायच्या आत पेशी दुभागली तर तो तुकडा दोन्ही नव्या केंद्रकांच्या बाहेर राहतो आणि बाजूला त्याचाच एक छोटा गोल ठिपका होतो. घर बदलताना टेम्पोत चढवायचं राहिलेलं गाठोडं जसं. असे ठिपकेवाले किती आणि बिनठिपक्याचे किती, एवढंच मोजायचं. कचरा पडलेला असेल तर तो धरायचा नाही. कचरा कसा ओळखायचा तेही तिनं दाखवलं: त्याचा रंग वेगळा असतो, कड वेगळी असते.

मी दुपारी मोजायला बसायचे. खाली ट्यूशन सुटल्या की दुचाक्यांचा गलका उठायचा, तेव्हा थांबायचे, चहा करायचे. ग्रंथालयात मी आयुष्यभर दरवर्षी पुस्तकांची मोजदाद केली. त्यात पुस्तक आवडीचं आहे की नाही हे बघायचं नसतं, जागेवर आहे की नाही एवढंच बघायचं. भेटायला येणाऱ्या बायका मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली बघून हळू आवाजात एकमेकींशी बोलायच्या. एकीनं विचारलं, दिसतात का सर? मी म्हटलं, नाही, कांदा दिसतो.

खरं तर सरच दिसायचे. स्लाइड करताना काचेवर अंगठा दाबून ते पेशी पसरवायचे. काही काचांच्या कडेला त्यांच्या अंगठ्याचा ठसा तसाच होता. तो मी पुसला नाही. मोजणीत तो येत नव्हता.

मध्येच विद्यार्थिनीनं काही स्लाइडींची अक्षरं बदलून त्याच पुन्हा माझ्यापुढे ठेवल्या, मला न सांगता. माझे आकडे जवळपास तेच आले. हे तिनं मागाहून सांगितलं तेव्हा मला पीएच.डी. मिळाल्यासारखं वाटलं.

सगळं संपल्यावर ती आली, फोन उघडला आणि टेबलावर आकडे जुळवत बसली. मी चहा घेऊन आले तरी तिनं मान वर केली नाही. औषधानं मोडतोड होते, हे माझ्या मोजणीतही स्वच्छ होतं. पेशी त्यातून सावरतात, हेही होतं. पण सालीच्या पाण्यातल्या पेशी जेवढ्या सावरल्या होत्या, तेवढ्याच साध्या पाण्यातल्याही. संत्र्यानं काही केलेलं नव्हतं. पेशींनी आपलं आपणच केलं होतं.

“सरायनं खोटं नाई केलं, मॅडम,” ती म्हणाली.

ते मला ठाऊक होतं. सर खोटं करणारे नव्हते. फक्त सालीच्या स्लाइडीवर एखादा अर्धामुर्धा ठिपका दिसला की त्यांना तो कचरा वाटला असणार. चटणी उत्तम वाटली होती तसंच.

ती म्हणाली, पेपर मागे घेऊ. नाहीतर सरांची मोजणी वगळून तुमचीच देऊ आणि आधी काय झालं होतं ते लिहायचंच नाही. मी म्हटलं, पण दुसऱ्यानं नेमकं तेच विचारलं आहे. मग लिहावं लागेल की पहिली मोजणी पहिल्या लेखकानं केली होती, स्लाइडी ओळखून केली होती, आणि ती जुळली नाही. पहिला लेखक म्हणजे सर.

“मले नाई लिहिता येत हे,” ती म्हणाली. “त्यायनं मले लिहायले शिकवलं.”

पुढचे काही दिवस मलाही लिहिता आलं नाही. नदीकाठी चारचौघांत शब्द दिला होता, आणि तो पाळायचा तर सरांची चूक त्यांच्याच नावाखाली छापायची होती. नाही पाळायचा तर पेपर त्यांच्याबरोबर गेला असं समजायचं. लोकांनी समजून घेतलं असतं. विधवेला लोक पुष्कळ समजून घेतात, तो एक फायदाच आहे.

त्या दिवसांत सरांचं एक बोलणं आठवत राहिलं. ते चहा पिताना वर्गात असल्यासारखे बोलायचे आणि मी वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवत हं म्हणायचे. दुभागण्याआधी पेशी आपल्या सगळ्या डीएनएची नक्कल काढते. नक्कल करणारा लिहिता लिहिता स्वतःचं तपासतो, तरी चुका राहतात, कारण आपलं लिहिलेलं आपल्याला बरोबरच दिसतं. म्हणून मागून दुसरे येतात आणि पुन्हा तपासतात. त्यांना एक कळावं लागतं, जुनी प्रत कोणती आणि नवी कोणती. नाहीतर बरोबर असलेलंच खोडून ठेवायचे. मी विचारलं होतं की मग पहिल्याला राग येत नाही का. सर म्हणाले, त्याला राग यायला वेळ कुठे आहे, तो पुढचं लिहीत असतो.

मी दिराला फोन केला. सगळं सांगितलं. पत्रे बदलून झाले होते, तो खोलीबद्दल काही बोलला नाही. ऐकून घेऊन म्हणाला,

“वहिनी, तुमी छापून आनीन म्हनलं होतं. दादाचंच खरं हाय असं छापीन, हे थोडीच म्हनलं होतं?”

मग म्हणाला, “संत्र्याचं मंग काईच नाई काय? मामाले नोका सांगू.”

सरांची मोजणी जुळली नाही, हे वाक्य मी लिहिलं. विद्यार्थिनीनं त्याचं इंग्रजी केलं आणि रडली, पण क्रियापद बदललं नाही. पेपराचं शीर्षक बदललं, संत्रं शीर्षकातून गेलं. पहिलं नाव सरांचंच राहिलं, पुढे निधन झाल्याची खूण. तिनं माझंही नाव घालायचा हट्ट केला. मी आभारात बसले. ग्रंथपालाची जागा तिथंच असते.

दुसऱ्या परीक्षकानं उत्तर पाठवलं की त्याचं समाधान झालं आहे. एवढंच. पेपर छापून आला तेव्हा त्याची प्रत दिरानं अकोल्याला मागवून घेतली, आणि इंग्रजी येत नसताना शेवटपर्यंत पानं उलटून बघितली.

यानंतर यंत्रणेची सरांना आणखी एक मेल आली. आपण या विषयातले जाणकार आहात, तरी सोबतच्या पेपराचं परीक्षण कराल का? कोणीतरी डाळिंबाच्या सालीवर काम केलं होतं. नकार द्यायचा तर कारण निवडायचं होतं. वेळ नाही, विषय माझा नाही, लेखक ओळखीचे आहेत. मरण त्यात नव्हतं. मी वेळ नाही निवडलं. खाली विचारलं होतं, दुसरं कोणतं नाव सुचवाल? मी विद्यार्थिनीचं लिहिलं.

काही दिवसांनी तिचा फोन आला. पेपर चांगला आहे म्हणाली, मेहनत दिसते. पण तिनं एक प्रश्न विचारूनच टाकला होता.

“मोजलं कोनी म्हनून इचारलं मी. आता त्या घरी मले शिव्या पडून राहिल्या असतीन, मॅडम.”

मी म्हटलं, पडू दे.