कशावरून म्हणणारी माझी जाऊ

माझ्या धाकट्या जावेला आमच्या बाइंडिंगखान्यात सगळे ‘कशावरून’ म्हणायचे. मालक म्हणाले, उद्या काम संपेल, की ही विचारणार, “कशावरून?” वाद घालायला नव्हे, तिला खरंच जाणून घ्यायचं असे. घरी मी देवापुढे हात जोडून उभी असले, तर मागून शांतपणे, “ताई, तो ऐकतो हे कशावरून कळतं तुम्हाला?” मी म्हणायचे, “तो ऐकत नसता तर तुला इतकी वर्षं मी सहन केलं असतं का?” ती हसायची. पण ते उत्तर तिला पुरायचं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही.

तिला कामाला मीच आणलं. धाकट्या दिरांची नोकरी सुटली तेव्हा मालकांकडे शब्द टाकला. हाडाच्या पट्टीने घडी कशी दाबायची, सोळा पानांचा एक फर्मा कसा होतो, सगळं शिकवलं. हात चांगला होता, पण चालायचा नाही, कारण घडी घालता घालता ती वाचायची. घड्यांमध्ये पुस्तक सलग मिळत नाही. आज पाचवा फर्मा, परवा दुसरा. ही मधलंच वाचून आधी काय असेल ते अंदाजाने सांगायची, आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं. वीस वर्षांत माझ्या हाताखालून हजारो पुस्तकं गेली, मी एकही वाचलं नाही. त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. ती आल्यावर खुपायला लागलं.

त्या वर्षी एक निवृत्त मास्तर त्यांचं पुस्तक घेऊन आले. आयुष्यात लिहिलेलं एकुलतं एक. मी म्हणजे नेमकं कोण, माणूस मोकळा आहे की बांधलेला, आपल्याला जे कळतं ते खरंच कळतं का, जगायचं कशासाठी, असं सगळं त्यात. प्रती तीनशे. बघायला रोज यायचे. तपासणीचं टेबल माझं, म्हणून पहिल्या दिवशी मी त्यांना खुर्ची पुसून दिली. चौथ्या दिवशी ते म्हणाले, “बाई, जरा सरकता का?” आणि तीच खुर्ची उचलून जावेशेजारी जाऊन बसले.

“तुम्ही लिहिलंय, माणूस मोकळा आहे,” ती म्हणत होती. “मग मी इथे घड्या घालत का बसते?”

“उद्या आला नाहीत तर तुम्हाला कोण बांधून आणणार आहे?”

“पोट आणेल की.”

“बरं, आणेल. पण आल्यावर वाचत बसा, हे काही पोटाने सांगितलेलं नाही.”

तिने पुढ्यातला फर्मा चाळून बघितला. “हे पुस्तकात नाहीये.”

“नाही. आत्ता तुमच्यामुळे सुचलं,” मास्तर म्हणाले आणि खिशातली वही काढून त्यांनी लिहून घेतलं.

शिलाईवाली मावशी माझ्या कानाशी म्हणाली, “जाऊ तुझी प्राध्यापक होणार बघ. तू तिचा डबा पोचवायला जा.” मी हसले. जबडा दुखेपर्यंत हसले.

आभाराचं पान अजून छापायचं होतं, ते शेवटी चिकटवतात. त्यात मास्तर तिचं नाव घालणार, असं दुपारी कळलं.

दुसऱ्या दिवशी जुळणी. म्हणजे लांब टेबलावर फर्म्यांच्या थप्प्या क्रमाने मांडायच्या आणि टेबलाच्या कडेने चालत एकेक फर्मा उचलत पुस्तक पुरं करायचं. थप्प्या मांडायचं काम जावेकडे होतं. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर एक काळी खूण छापलेली असते, दर फर्म्याला थोडी खाली. पुस्तक नीट जुळलं असेल तर त्या खुणा जिन्यासारख्या उतरत जातात. तो जिना बघायचा आणि चिठ्ठीवर सही करायची, हे माझं काम. सही झाली की गठ्ठा शिलाईला जातो.

मी जिना बघितला. आठवा आणि नववा फर्मा उलटसुलट झाले होते. थप्प्या मांडताना ही वाचत राहिली असणार. मालकांनी महिन्यापूर्वीच तिला बजावलं होतं, “वाचण्यापायी आणखी एक चूक झाली, तर यापुढे घरीच वाचत बसा.”

मी सही केली.

मला कोणी सांगितलं नव्हतं, कोणी अडवलंही नव्हतं. मास्तर ज्याला मोकळेपणा म्हणत होते तो त्या घडीला माझ्याकडे होता, आणि मी त्याचं हे केलं.

काम सुटेपर्यंत शंभर प्रती शिवून झाल्या. घरी येऊन देवापुढे उभी राहिले तर नेहमीचे शब्द येईनात. मागून जाऊ म्हणाली, “ताई, मास्तरांना मी सांगितलं, नाव घालायचंच तर आधी ताईंचं घाला. मला त्यांनीच शिकवलंय.”

मला बरं वाटायला हवं होतं. उलट आणखीच चीड आली. चांगुलपणातही ही पुढे. मी मनात म्हटलं, देवा, हिच्या हातून एक तरी वाईट गोष्ट होऊ दे. आणि म्हणता म्हणता चपापले. वीस वर्षं हात जोडून शेवटी मी त्याच्याकडे हे मागत होते.

सकाळी चिकटवायची खळ शिजायच्या आत मालकांपुढे गेले. “आठवा-नववा उलटा लागलाय. मला काल दिसला होता. दिसूनही सही केली.”

“दिसून? का?”

जाऊ खळीच्या पातेल्याशी उभी होती. तिच्याकडे न बघता मी म्हटलं, “जळत होते हिच्यावर.”

मावशीची सुई हवेत राहिली. मालक म्हणाले, “मुळात मांडलं चुकीचं तिनेच.”

“मांडताना चुकतंच माणूस. म्हणून तर तुम्ही मला बसवलंय.”

त्यांनी जावेला ठेवलं. माझ्याकडून सहीचं काम काढून घेतलं.

मग आम्ही दोघी समोरासमोर बसून शंभर पुस्तकांचे टाके उसवत होतो. दोरा ओढता ओढता ती म्हणाली, “ताई, माझ्यावर जळण्यासारखं आहे तरी काय?”

“तू आत कोणाशी तरी बोलत असतेस,” मी म्हटलं. “माझ्या आत कोणी आहे का, हे मी कधी बघितलंच नाही.”

“काल बघितलंत की.”

“काल जे दिसलं ते बघण्यासारखं नव्हतं.”

तिने माझ्या पुढ्यातला अर्धा गठ्ठा स्वतःकडे ओढून घेतला.

वाचायच्या सवयीने उलटा फर्मा तिला खुणांआधी कळतो, म्हणून आता तपासणीला ती बसते, मी शिलाईला. मत्सर गेला असं लिहिलं तर खोटं होईल. सही करताना ती मान जराशी तिरपी करते, तेव्हा अजून टोचतं. मग मी सुई खाली ठेवते, देवाचं नाव घेते आणि पुढचा टाका घालते.