पाठीवरची माती

आमचा रघुअण्णा उंच होता असं म्हणणं म्हणजे त्याच्यावर उपकार केल्यासारखं होईल. तो लांब होता. आमच्या बळेपेटेतल्या घरातल्या प्रत्येक चौकटीशी त्याच्या कपाळाची ओळख होती. त्याचा सदरा दोरीवर असला काय आणि त्याच्या अंगात असला काय, वाऱ्याला फरक कळत नसे. मी त्याची धाकटी बहीण कावेरी, त्यामुळे थट्टा करायचा हक्क माझा. दुसऱ्या कुणी केली तर मी पदर खोचून भांडायला उठायची.

दुसऱ्या घरात हा लांबपणा खपून गेला असता. पण आम्ही मोहिते. अप्पा, म्हणजे आमचे वडील विठोजी, पेटेतल्या गरडीचे वस्ताद. गरडी म्हणजे तालीम. आमच्या मराठीत कानडी इतकी मुरलीय की कुठला शब्द कुठून आला हे घरात कुणी विचारत नाही. मोहित्यांचं पोर नीट चालायला लागलं की त्याला हौद्यातल्या तांबड्या मातीत सोडायचं, ही आमच्याकडची रीत. अण्णालाही सोडलं. तो झाडून सगळ्या कुस्त्या हरला. बुटकी, भरीव पोरं त्याच्या पायांना मिठी मारत आणि हा आडवा. पाठीला माती लागली की कुस्ती संपली. हरलेला पैलवान पाठ न धुता सदरा चढवतो आणि मागच्या गल्लीनं घर गाठतो. अण्णाला ती गल्ली पाठ झाली होती. तो आला की आई आधी सदरा वर करून त्याची पाठ बघे आणि न बोलता पाणी तापवायला ठेवी.

अप्पांचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावायचं: पाठ टेकायची नाही. हे झोपेलाही लागू होतं. आमच्या घरातले पुरुष कुशीवर झोपत. लहानपणी अण्णा झोपेत उताणा झाला की अप्पा पायाच्या अंगठ्यानं डिवचून त्याला कुशीवर करत. पुढे पुढे अंगठा नुसता लागला तरी तो खांदा उचलून वळायचा, डोळे न उघडता.

अप्पांच्या पंचाच्या टोकाला कायम एक गाठ असे. तिच्यात हौद्यातली मूठभर माती. कुस्तीच्या आधी ती ते पैलवानाच्या कपाळाला लावत आणि मग पाठीवर थाप देत. अण्णा मोठा झाला तेव्हा एक दिवस त्यांनी त्याच्यापुढे गाठ सोडलीच नाही. म्हणाले, "तुझं काम नव्हे हे, मगा." मगा म्हणजे पोरा. रागावले नाहीत. रागावले असते तर फार बरं झालं असतं. अण्णा एका छापखान्यात खिळे जुळवायच्या कामाला लागला आणि घरात कुस्तीचा विषय निघाला की उठून परसात जायला लागला. त्याला कुस्ती नको होती. त्याला अप्पांच्या हातची ती माती परत हवी होती. हे तो कधी बोलला नाही, पण मला दिसत होतं आणि माझा जीव तुटायचा.

एकोणीसशे एकोणसाठ साली समोरच्या घरात उपेंद्र राहायला आला. पुण्याचा, गावाबाहेरच्या मोठ्या सरकारी कारखान्यात इंजिनियर. सामानात भांडी कमी आणि लोखंड जास्त. अण्णानं त्याला वजनाच्या चकत्या उतरवायला मदत केली तेव्हा त्यानं अण्णाला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुझी फ्रेम मोठी आहे रे," तो म्हणाला. "फक्त रिकामी आहे. आपण भरू."

आणि त्यानं अण्णाला बेंच प्रेस दाखवली. फळीवर उताणं पडायचं, वजनाचा बार छातीपर्यंत आणायचा, थांबायचं, आणि हात सरळ होईपर्यंत वर ढकलायचा.

अप्पांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांना खरोखर कळेना. "उताणं पडून? पडल्यावर मग करायचं काय राहिलं?" गरडीत असलं काही चालणार नाही म्हणाले. मग आमच्या परसात शेवग्याखाली जागा केली. अण्णाला पुरेल एवढी फळी मिळेना, म्हणून गोठ्याचं जुनं दार आडवं केलं.

लांब माणसाची अडचण अशी की त्याचे हातही लांब. दुसऱ्याचा बार वीतभर चढला की काम झालं. अण्णाचा बार निम्म्या वाटेवर दमायचा. उपेंद्रनं त्याची पकड रुंद केली, पाय मागे घेऊन जमिनीत रोवायला लावले, बार छातीवर थोडा खालच्या बाजूला उतरवायला शिकवलं. आईनं खाण्याची बाजू सांभाळली. आनेकलच्या मामाकडून नाचणी आली, परिषेतून, म्हणजे जत्रेतून, भुईमुगाच्या शेंगांचं पोतं आलं, रविवारच्या मटणात अण्णाचा वाटा दुप्पट झाला. मोठ्या चकत्या एकदम झेपत नसत, म्हणून बारच्या एका टोकाला आमच्या खलबत्त्याचा बत्ता बांधायचा आणि दुसऱ्या टोकाला शेजारच्या कृष्णाबाईंचा. त्यांना मिरच्या कुटायच्या असल्या की अण्णाचा व्यायाम अर्धवट राही.

उपेंद्रची पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. तो नसला की डोक्याशी मी उभी राहायची, बार अडला तर धरायला. असं काम पेटेतल्या दुसऱ्या कुठल्या मुलीनं केलं असेल असं मला वाटत नाही, आणि त्याचा मला आजही तोरा आहे.

पण एका वजनापुढे गाडी हलेना. बार छातीला टेकला की अण्णाचे खांदे फळीवरून उचलले जायचे, अंग एका बाजूला वळायचं आणि बार तिरका व्हायचा. "शोल्डर दाब खाली! रघुजी, किती वेळा सांगू?" उपेंद्र ओरडून ओरडून थकला. अण्णा मान डोलवायचा आणि पुढच्या खेपेला तेच. त्याचं अंग त्याचं ऐकतच नव्हतं.

एका संध्याकाळी त्याच्या डोक्याशी उभी असताना तो खांदा उचलला गेला आणि मला चटकन आठवलं, हे मी कुठे पाहिलंय ते. "अण्णा," मी म्हटलं, "तू कुशीवर वळतोयस. अप्पांचा अंगठा लागल्यासारखा."

तो उठून बसला. आपलाच खांदा चाचपून बघितला. मग म्हणाला, "सरी, बरोबर. तर मग आधी झोपायला शिकलं पाहिजे."

आणि आम्ही ते केलं. रविवारी जेवणानंतर अण्णा माजघरात फरशीवर उताणा पडायचा, खांद्यांचे फरे जमिनीला चिकटवून. मी शेजारी तांदूळ निवडत बसायची. त्याला डुलकी लागली, खांदा उचलला, तो वळायला लागला की मी पायाच्या अंगठ्यानं त्याला डिवचून परत उताणा करायची. अप्पांनी जे केलं होतं ते मी उसवत होते, तेही त्यांच्याच हत्यारानं.

एका रविवारी अप्पा अवेळी घरी आले आणि दारातच थबकले.

"कावेरी, काय चाललंय हे?"

"अण्णा झोपायला शिकतोय."

"मोहित्यांच्या घरात पाठ लावून फक्त मेलेला माणूस निजतो," अप्पा म्हणाले. आवाज चढवला नव्हता, तरी मी हातातलं सूप खाली ठेवलं.

अण्णा जागा होता. अप्पांपुढे कधी बसूनही न बोललेला माझा भाऊ पडल्या पडल्या म्हणाला, "अप्पा, स्वल्प दिवस थांबा." आणि उठला नाही. अप्पा निघून गेले. मला भीती वाटायला हवी होती, पण मला वाटला तो निव्वळ अभिमान.

त्यानंतर खांदे बसले. बार हळूहळू वर जायला लागला, बत्ते सुटले, चकत्या वाढल्या. सदऱ्यात माणूस दिसायला लागला.

पुढच्या वर्षी गणपतीत उपेंद्रच्या मंडळानं मांडवात ताकदीची स्पर्धा ठेवली. स्वतःच्या वजनापेक्षा जास्त वजन फळीवरून वर नेईल त्याला फेटा. यातही अण्णाचं नशीब आडवं आलं, कारण मटण खाऊन त्याचं वजन वाढलं होतं. जाण्याआधी तो अप्पांपुढे उभा राहिला आणि कपाळ पुढे केलं. अप्पांनी पंचाच्या गाठीवर हात ठेवला, पण सोडली नाही. "जो पाठीवर पडणार, त्याच्या कपाळाला माती लावायची नाही. आमच्या गरडीची रीत आहे, मगा. मोडू कशी?"

मांडवात गर्दी, दिव्यांचा उकाडा. गरडीची पोरंही गंमत बघायला आली होती. मी बायकांच्या बाजूला पुढेच बसले होते. फळी मंडळाची होती, नवी कोरी, गुळगुळीत रंग दिलेली. पहिलं, हलकं वजन अण्णानं सहज नेलं. मग बारवर त्याच्या स्वतःपेक्षा जड वजन चढलं. बार छातीपर्यंत आला, थांबला, वर निघाला, आणि घामानं भिजलेली पाठ रंगावरून सरकली. एक खांदा निसटला. उपेंद्रनं आणि आणखी एकानं बार पकडला म्हणून बरं. गरडीच्या पोरांत कुणीतरी हसलं. अजून एकच खेप उरली होती.

तेवढ्यात मागून गर्दी दुभंगली. अप्पा येत होते. ते कधीपासून खांबाआड उभे होते कुणास ठाऊक. वस्ताद आले म्हटल्यावर हसणारी पोरं उठून उभी राहिली. अप्पा फळीपाशी गेले, रंगावरून बोट फिरवलं, आणि पंचाची गाठ सोडली.

अण्णानं कपाळ वाकवलं. त्याला बरंच वाकावं लागलं.

"कपाळ नको," अप्पा म्हणाले. "वळ."

आणि त्यांनी ती तांबडी माती त्याच्या पाठीला चोळली. दोन्ही फऱ्यांना, मणक्याच्या दोन्ही बाजूंना, अंगण सारवावं तशी, दाबून. जन्मभर ज्या पाठीला माती लागू नये म्हणून हा माणूस पोरं घडवत आला, ती पाठ तो स्वतःच्या हातानं माखत होता. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि मला पुसायचं सुचत नव्हतं.

"घाम आहे. माती धरून ठेवेल," अप्पा म्हणाले. मग त्या पाठीवर थाप दिली. "टेकव पाठ. उठू देऊ नकोस."

अण्णा आडवा झाला. बार खाली आला. छातीवर थांबला. मी त्याच्या खांद्यांकडे बघत होते, बारकडे नाही. ते हलले नाहीत. बार वर निघाला, निम्म्या वाटेवर दमला, त्या लांबच लांब हातांत थरथरला, आणि वर गेला. हात सरळ झाले. मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. सगळ्यात मोठ्यानं गरडीची पोरं ओरडत होती.

निघताना उपेंद्रनं सदरा पुढे केला. अण्णानं घेतला नाही. मागच्या गल्लीकडे त्यानं बघितलंही नाही. आम्ही मोठ्या रस्त्यानं घरी आलो, पुढे अण्णा, डोक्याला फेटा आणि उघडी पाठ मातीनं तांबडी, मागे अप्पा आणि मी. दुकानाच्या पायरीवरून कुणीतरी विचारलं, "काय वस्ताद, पोराच्या पाठीला माती?"

"मी लावलीय," अप्पा म्हणाले आणि चालत राहिले.

घरी आईनं सवयीनं आधी पाठच पाहिली. तिचा चेहरा उतरला, आणि ती न बोलता पाणी तापवायला वळली.

"राहू दे," अप्पा म्हणाले. "आज नको धुऊस ती."