विहीणबाई आणि औषधाचा फुगा

आमच्या विहीणबाई, म्हणजे सूनबाईची आई, कांदे-बटाटे विकतात. गळा असा, की त्यांनी बाजाराच्या एका टोकाला भाव सांगितला की दुसऱ्या टोकाचं गिऱ्हाईक घासाघीस सुरू करतं. सोयरीक ठरवायला गेले तेव्हा त्यांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "मुलगा घोरतो का?" मी म्हटलं, "तुमच्या घरात वाढलीय पोरगी, तिला आवाजाचं काय!" तेव्हापासून त्या मला तिरकस समजतात आणि मी त्यांना भोचक. बाकी आमचं बरं चालतं.

गेल्या वर्षी बाईंच्या टाचेत खिळा घुसला. त्यांनी तो उपटला, वर चिंधी गुंडाळली आणि पुन्हा गाळ्यावर जाऊन बसल्या. चिंधीखाली जखम चिघळत हाडापर्यंत गेली. दवाखान्यात टाच उघडून साफ केली आणि डॉक्टरांनी बजावलं, "आता दीड महिना रोज शिरेतून अँटिबायोटिक. धरसोड केलीत तर टाच काढावी लागेल."

टाच काढतील या धाकाने त्या दवाखान्यात राहिल्या खऱ्या, पण वॉर्ड डोक्यावर घेतला. शेजारच्या पेशंटच्या ताटात बटाटा दिसला की, "कुठून घेतलात? फसवलंय तुम्हाला." डॉक्टर स्वतःच म्हणाले, की हे औषध घरीसुद्धा देता येतं. बाईंचं घर तिसऱ्या मजल्यावर, आमचं तळमजल्यावर. आल्या आमच्याकडे.

त्यांच्या दंडात एक बारीक नळी बसवलेली होती आणि औषध यायचं फुग्यात. मोसंब्याएवढा तो फुगा. नळीला जोडला की आपला आपण आवळत जातो आणि औषध सावकाश आत सोडतो. बाटली टांगायला नको की वीज नको. फुगे फ्रिजमध्ये ठेवायचे म्हणून माझे डबे एका कप्प्यातून हद्दपार झाले. सकाळी सूनबाई फुगा बाहेर काढून ठेवायची आणि मग ती आणि मुलगा कामावर जायचे. दवाखान्याची नर्सबाई येऊन फुगा जोडून जायची. रिकामा झाला की तो सोडवायचं काम तिने मला शिकवलं. विहीणबाई म्हणाल्या, "यांना? माझा हात यांच्या हातात?"

"मग जा वॉर्डात," मी म्हटलं. हात पुढे आला.

पण बाईंचा जीव बाजारात. गाळा सांभाळायला दिला होता शेजारच्या लसूणवाल्याला, आणि तो नासके कांदे खपवतो अशी त्यांची खात्री. फुगा सुटला रे सुटला, की बाई रिक्षा करून बाजारात. तिथे पाय खोक्यावर, आवाज आभाळात.

मग फुगा रोज लवकर रिकामा व्हायला लागला. मला वाटलं, औषधालासुद्धा बाईंच्या अंगात शिरायची घाई झालीय. एके दिवशी मात्र त्यांचं तोंड, मान, छाती लालभडक झाली आणि त्या वळवळत अंग खाजवायला लागल्या. नर्सबाईला बोलावलं, तिने गोळी दिली, लाली गेली. दुसऱ्या दिवशी तेच. ती म्हणाली, "मावशी, औषध मानवत नाहीये बहुतेक. उद्या मी समोर थांबते. पुन्हा असं झालं तर भरती व्हावं लागेल. आणि या जंतूला दुसरं औषध फारसं लागू पडत नाही, टाचेचं अवघड होईल."

विहीणबाईंनी वाद न घालता मान डोलावली. हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी नर्सबाईने फुगा जोडला आणि ती फोनवर बोलायला अंगणात गेली. मी चहा घेऊन आले. बघते तर नळी दंडापासून थेट बाईंच्या मांडीखाली गेलेली. आणि मांडीखाली काय? माझी गरम पाण्याची पिशवी, तिच्यावर फुगा, आणि त्यावर विहीणबाई! कोंबडीसारख्या उबवत होत्या.

"अहो, हे काय?"

"हळू बोला. ऊब लागली की लवकर संपतो. मलाच सापडलं." चेहऱ्यावर अभिमान बघा!

"आणि तुम्ही लाल कशामुळे होताय?"

"ते औषधाचं. याचा काय संबंध?" म्हणाल्या, पण नजर खाली गेली.

"सांगा तिला."

"उभी राहून सांगू? एवढी मोठी बाई मी! तुम्ही तर जन्मभर हसाल."

"हसेनच. पण टाचेसकट हसवा."

तेवढ्यात दारातून नर्सबाईचा आवाज आला, "हो डॉक्टर, मानेवर लाली आलीच आहे. बेड ठेवायला सांगा." तोंडाशी आलेलं मी गिळलं आणि विहीणबाईंकडे बघत राहिले. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा बांधलेल्या पायाकडे. मग खुर्चीचा दांडा धरून उठल्या. फुगा टुणकन घरंगळला, पिशवी धप्पकन पडली.

नर्सबाईने आधी धावत जाऊन नळीचा चिमटा बंद केला. मग पिशवी उचलून हाताने चाचपली. "मावशी! गरम झालं की औषध भसाभस आत जातं. म्हणून लाल होता तुम्ही!" आणि फोनवर म्हणाली, "डॉक्टर, औषध नाही, पेशंटच मानवत नाहीये."

भरती टळली. अट अशी, की फुगा गळ्यातल्या जाळीच्या पिशवीत, कपड्यांवर, उघडा दिसायला हवा, आणि तो संपेपर्यंत मी समोर बसायचं. त्यावर बाईंनी तोड काढली. लसूणवाल्याने मोबाईल कांद्याच्या ढिगावर ठेवायचा आणि या आमच्या बैठकीतून भाव पुकारायच्या. म्हणे लोक ओरडणारा ढीग बघायला थांबायचे. माझे कान तेव्हा बसले ते अजून पुरते उठले नाहीत.

लाली पुन्हा आली नाही. दीड महिना सरला, दंडातली नळी निघाली. डॉक्टरांनी टाच दाबली, एक्स-रेचा फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "हाड छान भरलंय. जरा दारापर्यंत चालून दाखवा."

बाई चालल्या, न लंगडता.

"छान. आता वळा."

वळायला त्या होत्या कुठे! बाहेर रिक्षावाल्याशी भाड्याची घासाघीस ऐकू येत होती.

डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. "पुढच्या तपासणीला येतील ना?"

"येतील की," मी म्हटलं. "पोत्यात भरून आणते."