हातांची अदलाबदल

आम्ही तिघी पिंगळीहून पॅसेंजरनं परभणीला कॉलेजला जायचो. विद्यापीठ नामांतराच्या आंदोलनाच्या दिवसांत कॉलेज मधूनच बंद पडायचं. एका सकाळी गेटवरच कळलं, आज तास होणार न्हाईत. परतीच्या गाडीला बराच वेळ होता.

आमच्यातली एक म्हणाली, "व्हिडिओ गेम बघून येऊ."

स्टेशन रोडला नवीन दुकान निघालं होतं. दाराला पडदा, आत ठोठो आवाज आणि पोरांचे घोळके. पोरी आत जात नव्हत्या. त्यातून हे म्हणणारीच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. लहानपणी कडबाकुट्टीच्या यंत्रात गेली होती. ती हात कायम ओढणीखाली ठेवायची. मला वाटलं, बघून परत फिरू.

गल्ल्यावरच्या चाचांनी आम्हाला पाहून पान थुंकलं. "बेटा, इथं पोट्टे खेळतेत."

"आमी पण खेळणार हाव," ती म्हणाली.

चाचांनी कोपऱ्यातली मशीन दाखवली. विमानाचा गेम होता. डाव्या हातानं दांडा फिरवायचा, उजव्यानं बटण दाबून गोळ्या मारायच्या. मी खेळले आणि लगेच मेले. दुसरीचंही तेच झालं. मग तिसरीनं ओढणीखालचा हात बाहेर काढला आणि ओढणी कमरेला खोचली.

तिच्या उरलेल्या बोटांना बटण नीट लागेना. विमान पडलं, पुन्हा पडलं. मागं पोरं जमली होती. एकजण हसून म्हणाला, "ताई, राहू द्या, तुमच्यानं व्हायचं न्हाई."

मी तिचा दंड धरला. "चल, जाऊ."

"थांब गं," ती म्हणाली. ती मशीनकडं नुसतीच बघत उभी राहिली. मग तिनं हात एकमेकांवरून आडवे टाकले. उजव्या पंजात दांडा धरला आणि डावा हात खालून काढून बटणावर नेला. अवघडल्यासारखी, वाकून उभी होती. पहिल्यांदा विमान कडेला जाऊन फुटलं. तिनं पुन्हा नाणं टाकलं. मग पुन्हा. तिच्या मानेवर घाम आला होता, खांदा भरून येत होता. तिनं एकदाही मागं पाहिलं नाही.

हळूहळू विमान पडद्यावर तगायला लागलं. पहिला टप्पा पार झाला, तेव्हा मघाचा पोरगाच तिच्या बाजूला येऊन सांगायला लागला, "आता डावीकडून येतेत, डावीकडून." तिनं ऐकलं. दुसऱ्या टप्प्याच्या शेवटी मोठं जहाज येतं. तिथंच बरेच जण अडकतेत, असं तो पोरगा म्हणाला. तिचंही विमान तिथं दोनदा पडलं. तिसऱ्यांदा जहाज फुटलं आणि चाचा गल्ल्यावरून उठून बघायला आले.

आमची गाडी गेली होती. पुढच्या गाडीनं दिवेलागणीला तिच्या घरी पोचलो. तिची आई दारातच उभी होती. मी बहाणा शोधत होते, पण तिनंच आईला सरळ सांगून टाकलं, कुठं होतो ते. आई भडकली, बरंच बोलली. मग भाकरी वाढता वाढता तिनं विचारलं, "आन् दाबलीस कशी बटणं?"

पोरीनं ताटापुढं दोन्ही हात आडवे धरून दाखवले. आईनं भाकरी तशीच हातात धरून दोन्ही हातांकडं पाहिलं.

"पुन्हा दाखव," आई म्हणाली.