फादरच्या कबरीचा नवस

नवस बोलताना माणूस शुद्धीवर नसतो, एवढंच म्हणेन. ह्यांच्या बायपासच्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी आमच्या ग्रामदेवीपासून इथल्या, लखनौच्या आलमबागेतल्या हनुमानापर्यंत सगळ्यांना हात जोडून झाले होते. सोबत दीदी होती. दीदी म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटमधली नर्स. ख्रिश्चन, मूळची इथलीच. ती म्हणाली, तेलीबागच्या पुढे एका गावात एका जुन्या फादरची कबर आहे, आम्ही त्यांना संत मानतो, दरवर्षी चालत जातो, मी त्यांच्याकडे मागते. मी म्हटलं, "माँगो दीदी! ये घर आ गए तो मैं भी पैदल चलूँगी." हे घरी आले. मग काय, सुटका नाही!

ह्यांना मुळीच पटलं नाही. "नसती ब्याद! रेल्वेत इंजिनिअर आहे मी. उद्या बायको ख्रिश्चन झाली म्हणून पेपरात नाव आलं म्हणजे?"

"नवस तुमच्यासाठी बोललेय. नाव येऊ दे तुमचंच."

"जाने दो ना पापा, मैं हूँ घर पे," मुलगा म्हणाला. त्याला मराठी सगळं कळतं, तोंडातून येते ती हिंदीच.

थंडीत सकाळी चर्चपासून निघालो. पुढे लाकडी क्रूस, मागे जपमाळ ओढत चालणारी माणसं, सगळ्यात शेवटी मी. तीही अनवाणी! नवसाला चपला घालतात का कुठे? दीदीने माझे पाय बघून कपाळावर हात मारून घेतला, कारण तिच्यासकट सगळे बूट घालून आले होते. चांगली गाणी म्हणत चालली होती मंडळी. मीही गुणगुणत होते.

मोठा रस्ता सोडून गावाकडे वळलो आणि दोन मोटारसायकली आडव्या आल्या. गाणं थांबलं. उतरलेल्यातला एक मोबाइलवर शूटिंग करत ओळीतून फिरायला लागला. "किस-किस को ले जा रहे हो? हिंदू कौन है इसमें?"

माझ्या डोक्यात आधी आलं, बरं झालं, मी हिंदूच आहे, मला कोण काय करणार? मग दीदीचा चेहरा पाहिला. पांढराफटक. अन् माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मला काही होणारच नव्हतं. मला आणलं म्हणून तिला धरणार होते. इकडे धर्मांतराची तक्रार म्हणजे आधी आत, बोलणं नंतर. तिची नोकरी, घरी अंथरुणाला खिळलेली आई... माझ्या कपाळावरचं कुंकू हाच त्यांना हवा तो पुरावा, आणि मी तो मिरवत आणला होता!

नवस वगैरे कोण ऐकून घेणार? तो माणूस चार पावलांवर आला. कुंकू पुस असं दीदी कधीच म्हणाली नसती, एवढी वर्षं शेजारी राहून त्याचा अर्थ तिला ठाऊक होता. नवरा नुकता मरणाच्या दारातून आलेला, आणि मी माझ्या हाताने कुंकू पुसू? आईचं पुसलेलं कपाळ आठवलं. दुसऱ्या क्षणी ओढणीचं टोक जिभेला लावलं, खाली वाकून तळपायातला काटा काढल्यासारखं केलं आणि खसाखसा पुसलं. मंगळसूत्र कुर्त्याच्या आत ढकललं. ओढणी डोक्यावरून पुढे घेतली.

"आप?"

"इनकी बहन हूँ," मी म्हटलं.

"बोली तो यहाँ की नहीं लगती."

"ब्याह के बाद बंबई में रही है," दीदी म्हणाली. आयुष्यात बंबईत घर असं कधी नव्हतंच माझं! त्याने मोबाइल माझ्या चेहऱ्यासमोर बराच वेळ धरला. दीदीने मला कमरेला घट्ट धरून ठेवलं. शेवटी तो गुरकावला, "चलो, जल्दी निपटाओ," आणि मोटारसायकली गेल्या.

पुढे कोणी गायलं नाही. दीदी रडत होती, मी रडत नव्हते, कारण माझं सगळं लक्ष ह्यांच्यात होतं. आपण काय करून बसलो? आत्ता घरी काही झालं असेल तर? कबरीशी पोचलो. साधी पांढरी कबर, वर झेंडूचे हार, मेणबत्त्या. दीदीने लावून दिलेली मेणबत्ती मी कबरीपाशी टेकवली. नवस फेडायला आले होते, आणि उभी राहून पुन्हा मागतच सुटले, बाबा, ह्यांना काही होऊ देऊ नका, मी तुमच्याच माणसासाठी पुसलंय.

तेवढ्यात फोन वाजला. घरचा. बटण दाबलं तर मुलाचा चेहरा, व्हिडिओ कॉल. "मम्मी, पापा कब से पूछ रहे हैं, लो, बात करो."

हे पडद्यावर आले. दाढी वाढलेली, शाल पांघरलेली. काहीतरी करवादायला तोंड उघडलं आणि तसेच राहिले. नजर माझ्या कपाळावर. भानच नव्हतं मला! काय सांगू, कुठून सांगू, मागे एवढी माणसं. मी ओढणी आणखी पुढे ओढली.

मग हेच म्हणाले, "अगं, मी आहे अजून."