बैलाच्या पाठीवर पाकट

माझ्या व्याह्यानं मला फसवलं. तेही माझ्याच अंगणात, माझ्याच रुमालाखाली.

मी दोर विकता विकता बैलांचा दलाल झालो. आमच्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. हातांवर रुमाल टाकून बोटं दाबून ठरवतात. सिरसाळ्याच्या बाजारात त्यात मला कुणी हरवलेलं नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी माझ्या लेकीची लेक रंगाचे डबे घेऊन बसली. बैल एक, पाठ एक, आजोबा दोन. "पाठीवर काय काढू?" मी म्हणालो, दारच्या लिंबावरची खार काढ. व्याही परळीचे दुकानदार; त्यांनी तिला माशांच्या प्रदर्शनात नेलं होतं. ते म्हणाले, पाकट काढ. पाकट म्हणजे परातीसारखा चपटा मासा, शेपटीत काटा.

माझं डोकं फिरलं. "इवाई, खार शेंगदाणा दोन्ही हातांत धरून उलटासुलटा बघती, मग खाती. तुमच्या पाकटीचे डोळे वर अन् तोंड पोटाखाली! काय खायली ते तिलाच दिसत न्हाई. असलं गिऱ्हाईक मला रोज मिळू दे!"

"अन् तुमी? डोळे वर, सौदा रुमालाखाली. तुमीच पाकट हाव की!"

नात इतकी हसली की डबा लवंडला.

"मग होऊन जाऊ द्या रुमालाखालीच," मी ओरडलो. "ज्याचा हात आधी सुटंल, त्याचं जनावर गेलं!"

रुमाल पडला. मी बोटं आवळली. व्याह्यांचा चेहरा आरतीला उभं राहिल्यासारखा शांत. आणि खाली त्यांनी माझ्या तळव्याला गुदगुल्या केल्या! मी खिंकाळलो, हात सुटला, बैलसुद्धा दचकला.

दुसऱ्या दिवशी बैल गावभर मिरवला. माझा एक जुना दोस्त म्हणाला, "भाकरीला शेपूट कावून काढलं बे?" तेवढ्यात माश्या उडवायला बैलानं कातडं थरथरवलं, आणि ती निळी पाकट पंख हलवत खरोखर पोहू लागली. नातीनं टाळ्या पिटल्या. मीही पिटल्या, ते जाऊ द्या.

खारीला असं थरथरता आलं असतं का, हा प्रश्नच नाही. रुमालाखाली गुदगुल्या कोणत्या बाजारात चालतात? पुढच्या पोळ्याच्या आत व्याह्यांनी नातीसमोर, बैलासमोर याचा जबाब द्यावा. आणि तो देताना दोन्ही हात मला दिसतील असे वर ठेवावेत.